कॉन्टेसाच्या मागोमाग

समोरचं काहीच दिसेना, तेव्हा हरेशनं गाडी उभी केली. माळशेज घाटातला बोगदा नुकताच मागे पडला होता. भर दुपारी धुकं असं दाटून आलं होतं की स्वतःच्या गाडीचं नाकही त्याला दिसत नव्हतं. मागच्या सीटवर त्याची बायको अपेक्षा ओठ दाबून कण्हत होती. तिला आठवा लागला होता. बाळंतपणाआधी ओझरच्या गणपतीचा नवस फेडायचाच, असा हट्ट धरून ती आली होती. आणि परतताना, घाटातच, कळा सुरू झाल्या. तिचा हात धरून बसलेली हरेशची आई गुणाबाई एवढंच म्हणाली, "थांबू नको रे. मुरबाड गाठ."

गाडी वळवून वर जायला जागा नव्हती. मोबाइलला रेंज नव्हती. पुढे कुठेतरी दाजींची जुनी कॉन्टेसा मोटार उभी असणार, एवढंच त्याला ठाऊक होतं.

दाजी म्हणजे सापगावचा नामा, हरेशच्या थोरल्या बहिणीचा, हौसाचा नवरा. मेहुणे-मेहुणे दोघेही गाड्यांचे वेडे, पण मतं दोन टोकांची. ना धड जीप, ना धड मोटार, असल्या उंच गाड्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. मुरबाडात त्यातली पहिली हरेशनं आणली. उंचावर बसणाऱ्याला रस्ता आधी दिसतो, जुन्या मोटारी म्हणजे पोट घासत चालणाऱ्या म्हशी, असं तो चारचौघांत सांगायचा. नामाचं म्हणणं, मोटारीनं रस्त्याला टेकून बसावं. उंच गाडी वळणावर ताडासारखी डुलते, आणि डुलणाऱ्याच्या हाती बायकापोरं द्यायची नसतात. आजही ओतूरला चहा पिताना दोघांचं जुंपलं होतं. सोबत आलेली हौसा असल्या वेळी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

धुक्यातून नामा चाचपडत आला. त्यानं काचेतून आत बघितलं. अपेक्षाचा चेहरा दिसला, तसा तो माघारी गेला. पुन्हा आला तेव्हा त्याच्या अंगात नुसती बनियन होती. हरेशला त्याचं नवल वाटलं नाही. घामानं तोही भिजला होता.

"माझ्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेव," नामा म्हणाला. "ते चालतील तसा चाल, थांबले की थांब. आन् काय झालं तरी हॉर्न देऊ नको."

लाल दिवे हलले. हरेशनं पहिला गिअर टाकला.

पुढे जे घडलं, ते पाहून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. खाली दरी होती, वर कड्यांवरून धबधबे कोसळत होते आणि त्याला आवाजाखेरीज कशाचाच पत्ता नव्हता. कॉन्टेसाला मात्र सगळा पत्ता होता. वळण यायच्या आधीच ते दिवे अलगद झुकायचे. एकदा ते अकस्मात थांबले, मग हळूच उजवीकडे सरकले. हरेश तिथं पोचला, तर डाव्या अंगाला दरडीतून सुटलेला रांजणाएवढा धोंडा पडलेला. तो धोंडा काचेच्या अगदी लगत मागे गेला. हे त्या गाडीला दिसलं कसं? वेगाचा काटा शून्यावरून हलत नव्हता. अपेक्षा मधूनच ओरडायची. मग ते दिवे थोडे भरभर चालल्यासारखे वाटायचे, जणू त्या जुन्या पोलादाला तिचं ओरडणं ऐकू जात होतं.

एका वळणावर हरेशनं आपल्याही नकळत हात जोडले आणि घाईनं पुन्हा स्टिअरिंग धरलं. देवळात आल्यासारखं वाटत होतं. अशी गाडी जगात असते, आणि आपण तिला म्हैस म्हणत होतो.

मोरोशीच्या अलीकडे धुकं फाटलं. भातखाचरं दिसली, झाडं दिसली, काळाभोर रस्ता दिसला. कॉन्टेसा कडेला घेऊन नामानं खिडकीतून हात काढला आणि पुढे जा, पुढे जा, अशी खूण केली. हरेशनं गाडी सोडली ती थेट मुरबाडच्या दवाखान्यात.

मुलगी झाली. अंगानं बारीक, पण डॉक्टरांच्या हातात येताच तिनं असं भोकाड पसरलं की बाहेर उभी असलेली गुणाबाई रडताना हसू लागली. अजून उशीर झाला असता तर दोघींचंही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

कॉन्टेसा आवारात शिरली तेव्हा हरेश पळतच बाहेर आला. बातमी सांगून झाल्यावर तो गाडीच्या पुढे गेला. तापलेल्या बोनेटवर त्यानं दोन्ही तळवे टेकवले. सकाळपासून जे जे बोललो ते मागे घेतो, असं तो नामाला म्हणाला. नवी गाडी कितीही उंच असू दे, तिला जे दिसलं नाही ते हिला दिसलं. आजपासून हिच्यापुढं आपल्या गाडीचं नाव काढणार नाही.

नामा बनियनवरच उभा होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि मागचं दार हळूच उघडलं.

सीटवर हौसा गाढ झोपली होती. पाय अनवाणी, तळवे सोललेले. एका हाताचा पंजा घाटाच्या कठड्याचे दगड चाचपून रक्ताळलेला. लुगड्यावरून तिनं नामाचा पांढरा सदरा घातला होता आणि तो अजून ओला होता.

"गाडीला कुठं काय दिसत व्हतं रे?" नामा म्हणाला. "घाटभर हा सदरा पुढं चालत व्हता. मी त्याच्या मागं, आन् तू माझ्या."