अनुभवी चालक

सुज्ञ वाचकहो, मत्सर हा मनुष्याच्या अंतःकरणातील किती चिवट भाडेकरू आहे, याचे एक लहानसे दर्शन पुढील ओळींत घडविण्याचे मी योजिले आहे. प्रसंग एकाच सकाळचा आहे. त्यास पदरचे अलंकार चढविण्याचा मोह मी आवरला आहे.

लाकडाच्या वखारीमागील पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसे एका इंजिनापुढे उभी होती. इंजिन थोरल्या साडूंचे. लाकडाच्या ढलप्या भट्टीत धुमसवून जो वायू निघे, त्यावर ते चाले आणि वखारीतील करवतींना वीज पुरवी. धाकट्या साडूंना याच जातीचे, परंतु चौपट मोठे यंत्र उभारावयाचे होते. सरकारने हमी घेतल्याशिवाय बँक त्यांना दारात उभे करीत नव्हती. आणि असे यंत्र कोठेतरी खरोखर चालते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हमी कार्यालय त्यांचे प्रकरण पुढे सरकवीत नव्हते. पंचक्रोशीत असे यंत्र हे एकच. म्हणून कार्यालयाच्या तपासनीस बाई येथे आल्या होत्या.

इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले.

"हे असंच करतं," थोरले साडू म्हणाले. "लहर आली तर चालतं. साडूबुवा, मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो, या फंदात पडू नका."

या कळकळीत सत्याचा अंश नव्हता. त्या दिवशी उजाडताच ढलप्यांवर पाण्याच्या बादल्या त्यांनी स्वहस्ते ओतल्या होत्या. सासुरवाडीत 'विजेचे जावई' अशी ख्याती आजवर एकट्या त्यांची होती. घरातला दिवा मिणमिणला तरी सासरे त्यांनाच विचारीत. उद्या चौपट यंत्र सुरू झाल्यावर त्यांना कोण विचारणार होते? आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यास ते सिद्ध झाले होते, ते याच भयाने.

"म्हणजे यंत्र चालत नाही, असं लिहू?" बाईंनी पेनाचे टोपण काढले.

धाकटे साडू वाकले. त्यांनी टोपलीतील मूठभर ढलप्या उचलून दाबल्या. बोटांच्या फटींतून पाणी निथळले. त्यांनी थोरल्या साडूंकडे एकवार पाहिले आणि मूठ सोडली.

"तसं लिहू नका, बाई. चूक माझी आहे. दादांना न विचारता मीच सकाळी येऊन ढलप्या धुतल्या."

"धुतल्या?"

"मला वाटलं, माती निघून गेली की धूर कमी होईल."

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "आणि तुम्ही याच्या चौपट यंत्र चालवणार?"

धाकट्या साडूंनी खाली मान घालून ओल्या ढलप्यांची टोपली बाजूला सरकवली.

थोरल्या साडूंच्या पत्नी इतका वेळ दाराशी होत्या. "छपराखाली कोरड्या ढलप्या आहेत. मी आणते," असे त्या बाईंना म्हणाल्या. मग यजमानांजवळून जाताना त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बसा. सकाळपासून बादल्या उचलून हात भरून आले असतील."

भट्टीत कोरड्या ढलप्या पडल्या. थोड्याच वेळात इंजिनाने सूर धरला, छताचा दिवा उजळला आणि भिंतीपलीकडे करवत गुणगुणू लागली. बाईंनी समाधानाने मान डोलावली आणि लिहिण्यास प्रारंभ केला.

"यंत्राचं जमलं," त्या म्हणाल्या. "पण अर्जदार ढलप्या धुतात, हे मी डोळ्याआड कसं करू? एखादा अनुभवी चालक दाखवा. त्याची सही असल्याशिवाय हमी मिळणार नाही."

"दादा आहेत की," धाकटे साडू तत्क्षणी उद्गारले. "त्यांच्याइतकं हे यंत्र कोणाला कळतं?"

थोरल्या साडूंच्या काळजात कळ उमटली. आपली लाज राखली, तीही यानेच. यंत्र चौपट, आता मोठेपणासुद्धा चौपट.

"कागदावर वर नाव कोणाचं?" त्यांनी बाईंना विचारले.

"अर्जदाराचं."

"आणि माझं?"

"त्यांच्या खालच्या रकान्यात. चालक म्हणून."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर प्रकरण इथेच थांबतं."

धाकट्या साडूंनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"नाही म्हणा की," पत्नी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यावर जबरदस्ती आहे का कोणाची? का नाही म्हटलंत, ते माझ्या बहिणीला मी सांगेन. तिला सांगितलं की बाबांना सांगावं लागेल, बाबांना सांगितलं की आईला. तुम्ही नका काळजी करू."

थोरल्या साडूंनी पेन हाती घेतले. वरच्या रकान्यात धाकट्याची सही होती. बारीक, सरळ, शाळेतल्या मुलासारखी. त्यांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली. मग त्यांनी सही करण्यास प्रारंभ केला. पहिल्या अक्षरानेच रकान्याची उंची ओलांडली. वेलांटी रेघेवर चढली, आणि शेवटचा फराटा धाकट्याच्या नावाच्या पार वरपर्यंत गेला.

"अहो, रकान्याच्या आत करा," बाई म्हणाल्या.

"मावत नाही," थोरले साडू म्हणाले.

प्रसंग एवढाच होता. आपण आपला अमोल वेळ देऊन तो वाचलात, याबद्दल हा लेखक आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
करवतवाले तात्या