विचारलं तरच

सोलर विकणाऱ्या त्या ऑफिसात सोमवारची मीटिंग चांगलीच तापली होती. नव्या मुलीच्या हातून मोठी ऑर्डर गेली होती, कारण तिने गिऱ्हाइकाला आपणहून सांगितलं, "बॅटरी घेतली नाहीत, तर वीज गेली की छतावरचं सोलरही बंद पडतं."

"त्याने विचारलं होतं का?" साहेब कडाडले. "तुझ्या जिभेला काही हाड? या दादांकडून शिक जरा! दारोदार पत्रकं वाटता वाटता सेल्स मॅनेजर झाले, ते एका नियमावर."

तो नियम दादांच्याच अक्षरात भिंतीवर चिकटवलेला होता : गिऱ्हाईक विचारत नाही, तोवर सांगायचं नाही.

बायको गेल्यानंतर दादा आज पहिल्यांदाच कामावर आले होते. त्यांनी उठून तो कागद टराटरा फाडला.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलंच आहे!" दादा ओरडले. "त्या दिवशी भरदुपारी वीज गेली आणि हिचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. शेजारीण म्हणाली, 'वहिनी, आमच्याकडे चला, इन्व्हर्टर आहे.' तर ही म्हणते, 'कशाला? आमच्या छतावर सोलर आहे, होईल चालू आत्ता.' आणि बसली वाट बघत!"

साहेबांचा आवाज खाली आला. "पण तुमच्याकडे बॅटरी नाही, हे वहिनींना माहीत नव्हतं?"



"तिने कधी विचारलं नाही."