कुंपणाचं अपचन

"पुन्हा करपलं," कुंपणापलीकडून साडूभाऊ म्हणाले.

"कुठे?"

"माझ्या बाजूला. मागच्या खेपेला तुमच्या बाजूला होतं."

तपासनीस गुडघ्यांवर हात टेकून तीन हप्त्यांत उठले. नोकरीत होते तेव्हा ते आले की अख्खं कार्यालय उठायचं. आता त्यांना स्वतःलाच उठवणं जड जात होतं.

शेजारशेजारची दोन घरं, दोन्ही घरांतल्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघींचे नवरे एकाच महिन्यात निवृत्त झालेले. पहिला महिनाभर तपासनीस स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, दूध उतू का जातं याची कारणमीमांसा केली, घरात तीन झारे कशाला असा खुलासा मागितला. साडूंनी आपल्या घरात काय सुधारलं ते कळलं नाही, पण तेही स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते.

दुसऱ्या महिन्यात बहिणींचं बिनसलं. कशावरून, ते नवऱ्यांना कोणी सांगितलं नाही.

"तिचं तोंड बघायचं नाही मला," बायको म्हणाली होती. "मध्ये कुंपण घाला. आरपार दिसेनासं झालं, की बसा खुशाल घरात पाय पसरून."

त्याला सहा वर्षं झाली.

रोपवाटिकावाल्याने प्रिव्हेट नावाचं कुंपणाचं झुडूप दिलं. वेड्यासारखं वाढतं म्हणाला. साऱ्या गल्लीत ते वाढतही होतं. इथे मात्र माती भिजवून, बुंध्यापासून वीतभर लांब, मापाने खत घालावं, वरून पुन्हा पाणी द्यावं, चार पालव्या फुटाव्यात, आणि कुठेतरी हातभर पट्टा वाळून भगदाड पडावं. की पुन्हा नवी रोपं, पुन्हा खत.

"जास्त खाऊ घातलंत साहेब, अपचन झालंय," रोपवाटिकावाला पान चोळून म्हणायचा. खत निम्म्यावर आणलं, तर म्हणाला, "आता उपाशी आहे."

"साडूभाऊ," तपासनीस म्हणाले, "डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय. माझ्याच्याने आता होत नाही. मला माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसायचंय."

"मग भांडणच मिटवू. तुम्ही तुमच्या हिला सांगा, मी माझ्या हिला."

"आधी कोण?"

"तुम्ही थोरले."

नेहमीप्रमाणे दोघे खत आणायला निघाले. रोपवाटिकेला कुलूप होतं. साडू तिथल्याच बाकावर टेकले. "मी जरा वाक्यं जुळवतो," म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

तपासनीस एकटेच परतले. रस्ताभर ते एकच वाक्य घोळवत होते: झालं गेलं विसरून जा, रक्ताचं नातं आहे. पाठीतून कळ येत होती. बायकोने ऐकलं नाही, तर हे कुंपण आपल्याला पुरूनच हिरवं होईल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मागच्या दाराशी ते थबकले. स्वयंपाकघरात हसणं चाललं होतं. एक हसू बायकोचं. दुसरं त्यांनी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं, पण लगेच ओळखलं.

त्यांचे डोळे भरून आले. देवच पावला म्हणायचा! वाक्य वाया गेलं तर गेलं. ते तिथेच पायरीवर बसले. उद्यापासून खुर्ची, वर्तमानपत्र आणि तासातासाला बायकोचा चहा.

आतून कपांचा आवाज आला. मेहुणी म्हणाली, "चल ताई, दोघं यायच्या आत उरकू. आधण आलंय. मागच्या खेपेला कुंपणाच्या मुळांत मी ओतलं होतं, आज तुझी पाळी."