तिसरी पेशंट

नवी गोळी घेऊन चक्कर येऊन पडलेली ही वॉर्डातली तिसरी पेशंट. चार नंबरच्या आजींच्या कपाळाला टाके घालून झाले, तशी सिस्टर दुष्परिणाम कळवायचा फॉर्म भरून तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरली.

"सही करा. आजच्या आज पाठवायचाय."

डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि टेबलावर पालथा घातला. "परवा पाठवू."

"परवा का?"

"त्या कंपनीचं हे एकच औषध आहे, सिस्टर. हा कागद औषध खात्याकडे गेला की उद्या शेअर तोंडावर आपटेल. दोन दिवस थांबा. मी माझे विकून मोकळा होतो, तुम्हीही व्हा."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि दोन दिवस आजींना तीच गोळी देत राहू? परत पडल्या तर कुणाला सांगायचं, भाव बरा होता म्हणून?"

"आवाज खाली. तुमचा सगळा फंड त्यात अडकलाय, लेकीच्या शिक्षणाचा. मीच ते शेअर घ्यायला सांगितले होते, मला माहीत नाही का? एवढी हरिश्चंद्राची अवलाद असल्यासारखं बोलू नका."

सिस्टरने फॉर्म सुलटा केला आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं.

"पहिले दोघे पडले ना डॉक्टर, त्यांचे फॉर्म मी भरलेच नव्हते," ती म्हणाली. "माझा फंड त्यात आहे म्हणूनच."