दिसला म्हण

सप्तपदी उरकली आणि अंधार पडताच भटजींनी निशाला ध्रुव दाखवायला सासरच्या अंगणात आणलं. अंजूर गावातल्या त्या अंगणातून उत्तरेला आता आभाळ कमी आणि सासऱ्यांनी विकलेल्या जमिनीवरचं गोडाऊनच जास्त दिसत होतं. भटजींनी सरळ त्याच्या छपरावरच्या दिव्याकडे बोट केलं. "तो बघ ध्रुव. दिसला म्हण, आणि या घरात त्याच्यासारखी अढळ राहा."

"दिवा हाय तो," निशा म्हणाली. "ध्रुव त्या पत्र्याच्या मागं गेला."

सासूचं तोंड वाकडं झालं. "म्हण ना, काय जातंय तुझं?" नवरा दातओठ खात पुटपुटला.

निशाचं डोकं आणखीच तडकलं. खाडीत बापाच्या होडीवर वाढलेली पोर ती. आठ वर्षांची असताना एका रात्री बाबांनी दिशा धरायला ध्रुव विचारला, तेव्हा वर न बघताच कुठंतरी बोट करून "ध्रुव दिसला" म्हणाली होती. होडी भलतीकडे जाऊन चिखलात रुतली आणि बाबांनी तिच्या कानाखाली सणसणीत वाजवली होती. त्यानंतर ती ताऱ्याच्या बाबतीत कधीच खोटं बोलली नव्हती.

तेवढ्यात बाबाच गर्दीतून पुढे आले. आता हे सगळ्यांना सुनावतात, असं तिला वाटलं. पण त्यांनी व्याह्यांकडे बघून हात जोडले आणि हळूच म्हणाले, "दिसला म्हण ना, बाय."



निशाने गाल पुढे केला. "म्हणते, बाबा. पण मग तेव्हासारखी कानाखाली पण वाजवा."