टेबलाखालची घरघर

बाळांनो, दिवसभर घरघरणारा जुना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. सावनीच्या घरी तसा होता. घरघर वाढली की बाबा टेबलाखालच्या सीपीयूला लाथ मारत, "गप रे म्हाताऱ्या!" लगेच ती थांबे.

जुना भंगारात गेला, दसऱ्याला नवा आला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. "बघ सावनी, याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही!" बाबा कौतुकाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावनी अभ्यासाला बसली. नवा कॉम्प्युटर बंद होता, तरी टेबलाखालून तीच घरघर आली. म्हणजे ती कॉम्प्युटरची कधी नव्हतीच. घाबरून तिच्या तोंडून बाबांचेच शब्द निघाले, "गप रे म्हाताऱ्या!"

घरघर थांबली. मग खालून दबका हुंदका आला.

सावनीने पाय खुर्चीवर ओढून घेतले. जरा वेळाने पलंगावरची आपली गोधडी तिने हळूच टेबलाखाली सरकवली.