दाराखालची नळी

पंच्याहत्तर साली ह्यांनी बेळगावच्या कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांकडून जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आणली. अशी गाडी निपाणीत दुसरी नव्हती. तिच्या सायलेन्सरची नळी बाहेरून, बरोबर माझ्या बाजूच्या दाराखालून गेलेली. सोमवारी ह्यांच्या आयुष्यासाठी उपास धरून मी महादेवाला जायची आणि पूजेचं ताट घेऊन गाडीतून उतरताना पोटरी त्या तापलेल्या नळीला लागायची. निरांजनासाठी नेलेलं तूप आधी पायाला लावायची.

"अहो, त्या नळीला काहीतरी गुंडाळून घ्या की."

"बघून उतरावं जरा. स्पोर्ट्स गाडी हाय ही, बैलगाडी न्हाय," म्हणून हे हसायचे.

श्रावणात एका सोमवारी सकाळी परशराम मिस्त्री ॲस्बेस्टॉसची दोरी घेऊन दारात हजर! त्यानं सगळी नळी आवळून गुंडाळली, वर जाळीचा पत्रा बसवला.

"आक्का, आता पाय लागला तरी पोळायचं न्हाय."

माझे डोळेच भरून आले. परशरामला शिरा दिला आणि ह्यांना हळूच म्हटलं, "ऐकलंत म्हणायचं माझं."

हे गाडीपाशी गुडघे टेकून बसले होते. माझा पाय बघायला कधी एवढे वाकले नव्हते.

"तुझं कुठलं? दाराला नवा रंग दिलाय, त्याला खालनं फोड यायला लागलते."



उपास मी मोडला नाही. पण त्या सोमवारपासून संकल्पाचं पाणी सोडताना ह्यांच्या आयुष्याऐवजी माझ्या भाजलेल्या पायाचं नाव घेऊ लागले.